आता जोडून दाखव

"फोडलंस? आता जोडून दाखव."

बाई पाठीमागे येऊन हे म्हणायच्या आणि आमच्या हातातली पेनं जागच्या जागी थांबायची. भांडुपच्या चढावरच्या चाळीत त्यांची खोली होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या घरीच दहावीचं बीजगणित शिकवत. तुम्हीही कधी अशा बाईंकडे गेला असाल तर वेगळं सांगायला नको, मारणाऱ्या मास्तरांपेक्षा न मारणाऱ्या बाईंची भीती जास्त वाटते.

अवयव पाडायची त्यांची रीत ठरलेली होती. 'एक्स वर्ग अधिक पाच एक्स अधिक सहा' असं फळ्यावर लिहायचं आणि मधल्या पदावर बोट ठेवायचं. "घाबरायचं तर या मधल्याला घाबरा. कुठल्या दोन आकड्यांचा गुणाकार सहा आणि बेरीज पाच?" दोन आणि तीन सुचले की दोन कंस तयार. पण तेवढ्यावर सुटका नसे. ते कंस पुन्हा गुणून मूळची राशी जशीच्या तशी परत आणून दाखवायची. नाही आली तर बाई काही बोलत नसत. नुसत्या उभ्या राहत. त्यापेक्षा छडी परवडली असती.

मला तर दुहेरी धास्ती होती. गिरणीचा संप चालू होता, बाबा घरी बसून होते. "नापास झालंस तर गावाक मामाकडे धाडतलंय," असं त्यांनी सांगून ठेवलं होतं आणि बाबा थट्टा करणाऱ्यांतले नव्हते.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'एक्स वर्ग अधिक सात एक्स अधिक अकरा'. आम्ही कामाला लागलो. अकराचे अवयव एक आणि अकरा, त्यांची बेरीज बारा. दुसरी जोडीच नाही! आता हात वर करून "बाई, हे फुटत नाही" म्हणायला काय हरकत होती? पण ते एकाच्याही डोक्यात आलं नाही. बाई चुकणं शक्यच नव्हतं, म्हणजे आपलंच डोकं चालत नाही. शेजारच्या सुऱ्यानं तर कमाल केली. त्यानं पाच आणि दोनचे कंस घातले, गुणाकार दहाच येतोय म्हटल्यावर उरलेला एक कंसाबाहेर टांगला आणि "बाई, जुळलं!" म्हणून मोकळा झाला.

आता सुऱ्याची वाट लागणार म्हणून आम्ही हसू दाबून बसलो. पण बाई फळ्याकडेच बघत राहिल्या.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "जा आता घरी."

सुऱ्याचं बरोबर! इतर पोरं निघून गेली, मला मात्र बाईंनी थांबवून घेतलं आणि दार लोटलं.

"त्या अकराच्या जागी बारा हवं होतं ना गं?"

"हो, बाई."

"हल्ली आकडे धरून ठेवता येत नाहीत मला. कुणाला बोलू नकोस. भाच्याला कळलं तर देवगडला घेऊन जाईल. चांगला आहे गं तो. पण तिथे मी काय करू? माझ्याकडे कोण येणार?"

आम्ही ज्यांना चळचळा कापायचो त्या बाई माझ्यासमोर रडवेल्या होऊन उभ्या होत्या. मला त्यांची फार दया आली आणि त्याहून जास्त भीती वाटली. गावाला जायचं नव्हतं ते आम्हा दोघींनाही.

मग आम्ही गणित उलटं चालवलं. वर्गाआधी मी जायची, मनानं दोन कंस घ्यायची, ते गुणायची आणि येईल ती राशी चिठ्ठीवर लिहून बाईंना द्यायची. कंसांतूनच निघालेलं गणित फुटणार नाही तर जाईल कुठे? बाई चिठ्ठी मुठीत धरून ते फळ्यावर उतरवत. अधिकच्या जागी वजा पडलं की मी खोकायची, त्या पुसून पुन्हा लिहीत. रोज वाटायचं, आज आपण दोघी पकडल्या जाणार. "औषध घे ना यार," सुऱ्या वैतागून म्हणायचा. जोडता जोडता मला फोडायला कधी येऊ लागलं ते कळलंही नाही.

निकाल लागला. मी पास झाले, गणितात तर झकास मार्क होते. बाईंना सांगायला धावत चढ चढले, तर चाळीसमोर टेम्पो उभा होता. भाचा आला होता. "स्टोव्ह पेटता ठेवून मावशी भाजीला गेली. शेजाऱ्यांनी कुलूप तोडलं म्हणून बरं," तो म्हणाला. आत त्याने लोखंडी खाट खोलून दांडे भिंतीला लावले होते, फळा उतरवला होता. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या.

"बाई, मी पास झाले."

त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. मला ओळखलं की नाही, देव जाणे. मग भाच्याकडे वळून त्या अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाल्या, "सगळं सुटं केलंस. आता जोडून दाखव."

त्याच्या हातातला पाना थांबला, आमची पेनं थांबायची तसा.

"गावाला जोडूया हां, मावशी."

बाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या.