सगळ्यांना ओळखू आलेली विहीर

बारीकभाऊ अंगानं बारीक नव्हते. जिन्यात समोरून आले तर माणसानं एक पायरी मागे सरकून वाट द्यावी, असं ते प्रकरण. नाव पडलं ते नजरेमुळे. कुणाच्या दारावरची पाटी केसभर तिरकी दिसली तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. बेल वाजवणार, पाटी सरळ करणार, मगच पुढे जाणार. बावीस वर्षं त्यांनी पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढले होते. त्या कामात एक वळण दाखवायचं राहिलं तर अख्खा रस्ता भलत्याच जागी खणला जातो. म्हणून काहीही वगळायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं.

सेहेचाळिसाव्या वर्षी, जेव्हा इतर माणसं गुडघ्यांची चौकशी सुरू करतात, तेव्हा नोकरी सोडून या गृहस्थानं एकट्यानं व्हिडिओ गेम करायला घेतला. एक माणूस जुन्या विहिरीत दोरानं उतरतो आणि वर्षानुवर्षं लोकांच्या हातून तिच्यात पडलेल्या वस्तू वर आणतो. किल्ली, चष्मा, कधीच न पाठवलेलं पत्र. ज्याची त्याला नेऊन देतो. मारामारी नाही, राक्षस नाही. सहा वर्षं लागली. आणि खोटं कशाला बोला, गेम सुंदर झाला होता. तळमजल्यावरच्या शिंपीणकाकूंनी जन्मात शिलाई मशीन सोडून दुसरं काही चालवलं नव्हतं. त्यांनीसुद्धा पत्राच्या ठिकाणी हातातल्या अस्तराला डोळे पुसले.

मेहुण्याचं नकाशांचंच ऑफिस होतं. त्यानं सांगून ठेवलं होतं, "भावोजी, खिडकीजवळची खुर्ची तुमची. गेम चालला तर पेढे मी वाटीन. नाही चालला तर गुमान यायचं, आणि मग परत हे खूळ काढायचं नाही." बारीकभाऊंनी शब्द दिला होता. चालला, तर दुसरा गेम; त्याची वही भरून तयार होती. नाही तर निवृत्तीपर्यंत पाइप.

आता राहिलं होतं फक्त कव्हर. गेम विकणारं ऑनलाइन दुकान म्हणजे हजारो गेमच्या रांगा, आणि प्रत्येकाच्या वाट्याला अंगठ्याच्या नखाएवढं एक चित्र. गिऱ्हाईक बोटानं रांग सरकवतं; नजर अडली तर अडली. पहिल्या आठवड्यात पुरेशी माणसं अडली तर दुकान तो गेम पुढे पुढे दाखवतं, नाही तर मागच्या फळीवर ढकलतं. तिथून पुन्हा वर येणं म्हणजे बुडत्याचा पाय खोलात.

बारीकभाऊंनी कव्हर काढायला आठ महिने घेतले. टेबलभर मोठ्या स्क्रीनवर, भिंग लावल्यासारखं मोठं करून. वरून पाहिलेली विहीर, आत उतरणारा माणूस, हातात कंदील, वर गेलेला दोर. विहिरीच्या कडेला दोनशे बारा विटा, प्रत्येक विटेचं शेवाळ वेगळं.

"अहो, विटा मोजायला कोण येणार आहे?" बायको विचारायची. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला बसत असे. काय दिसतं आणि काय दिसत नाही, यावरच तिचं पोट.

"मोजणार नाही गं कुणी. पण एक कमी असली तर जाणवेल."

या आठ महिन्यांत चित्र इमारतभर फिरलं. दोराचा रंग शिंपीणकाकूंनी निवडून दिला. पाण्यावरची चमक वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी तीनदा नापास केली, तेव्हा कुठे ती पास झाली. जो तो आपलंच चित्र असल्यासारखा बोलायचा. आपला तो बाब्या, दुसरं काय!

या धंद्यातल्या जाणत्यांची एक परीक्षा असते. चित्र खरोखरच नखाएवढं छापायचं, इतर वीस गेमच्या चित्रांमध्ये चिकटवायचं, चार पावलांवरून पापणी लवेपर्यंत दाखवायचं आणि विचारायचं, काय दिसलं? बारीकभाऊंनी ती मन लावून घेतली. पुठ्ठा टपालपेट्यांच्या शेजारी टांगला आणि सकाळी येणाऱ्याजाणाऱ्याला अडवू लागले.

"विहीर!" मास्तर तर शेवटच्या पायरीवरूनच ओरडले, चष्मा खिशात असताना.

"मी डोळे मिटून सांगते," शिंपीणकाकू म्हणाल्या. आणि सांगितलंही.

चौदापैकी चौदा. बारीकभाऊंचा चेहरा असा फुलला की जिना अजूनच अरुंद झाला.

पंधरावा आला विजेचा मीटर बघणारा. त्याचा या इमारतीशी संबंध महिन्यातून पाच मिनिटं.

"हे होय? तव्यात अंडं फोडलंय, काका. दांडा वर केलाय."

मग जे हसू फुटलं! "दादा, आधी मीटर तरी नीट वाच!" मास्तर म्हणाले. बारीकभाऊही हसले, इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ.

बायको मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तो पुठ्ठा पिशवीत घालून दुकानात नेला आणि अक्षरांच्या तक्त्याशेजारी उभा केला. पहिलं गिऱ्हाईक म्हणालं तवा. दुसरं, अंडं. तिसरं, कोटाचं बटण. एक म्हातारी म्हणाली, "डोळा आहे बाई. मोतीबिंदू झालेला."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा निम्मी इमारत बैठकीत बसलेली. गेम चारच दिवसांनी ऑनलाइन दुकानात लागणार होता. तिनं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "अहो, सात जणांना विचारलं. एकालाही विहीर दिसली नाही."

बारीकभाऊंनी शांतपणे चहाचा कप खाली ठेवला. "अगं, पण तुझ्याकडे येतात तीच माणसं ना, ज्यांना दिसत नाही?"

झालं! काकू हसून हसून उशीवर आडव्या झाल्या. विनोद तासाभरात गच्चीपर्यंत पोचला. त्या गलक्यात बायकोनं हळूच म्हटलं, "त्यांना नवा चष्मा लावूनच विचारलं होतं." ते कुणी ऐकलं नाही. तिनं पुन्हा सांगितलंही नाही. सहा वर्षांत नवऱ्याला असं हसताना तिनं पाहिलं नव्हतं. इमारतीनं त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं आणि झाड सगळ्यांनाच भक्कम वाटत होतं.

गेम लागला त्या सकाळी सगळे स्क्रीनभोवती. दुकान आकडे दाखवतं: चित्र किती जणांसमोरून गेलं, किती जण थांबले. तिसऱ्या दिवशी चित्र तीस हजार माणसांसमोरून गेलेलं. थांबलेली माणसं नव्वद. मास्तरांनी गेमचं पान स्वतःच बावीसदा उघडलं होतं, हे त्यांनी मान खाली घालून कबूल केलं.

पाचव्या दिवशी पहिला अभिप्राय आला. बारीकभाऊंनी तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला घेतला.

"खेळ छान आहे. पण मी स्वयंपाकाचा गेम समजून विकत घेतला. दोन तास झाले. स्वयंपाकघर कधी येतं?"

या वेळी कुणी हसलं नाही. काकूंना एकदम कुकर आठवला, मास्तरांना औषधाची वेळ. एकेक करून मंडळी पांगली.

बारीकभाऊंनी पुठ्ठा भिंतीशी उभा केला, चार पावलं मागे गेले, डोळे मिटले आणि उघडले. काळा गोल तवा. मध्ये कंदिलाचा पिवळा बलक. वर दांडा. तो दांडा, म्हणजे काकूंनी रंग निवडलेला दोर. एकदा तवा दिसला तो दिसला. मग कितीही डोळे ताणले तरी विहीर काही परत येईना. दोनशे बारा विटा होत्या कुठेतरी. त्या तव्याची कड झाल्या होत्या.

"तू सांगितलं होतंस," ते बायकोला म्हणाले.

"एकदाच सांगितलं. दोनदा सांगायला हवं होतं."

"दोनदा सांगितलं असतंस तर मी दोनदा हसवलं असतं."

मग त्यांनी चार दिवसांत नवं कव्हर काढलं. कुणालाही न दाखवता. विटा गेल्या, शेवाळ गेलं, पाण्याची चमक गेली. प्रत्येक गोष्ट पुसताना त्यांचा हात थांबायचा. उरला खालून उजेड पडलेला, वर बघणारा एक घाबरलेला चेहरा आणि दोराला घट्ट धरलेली एक मूठ. बावीस वर्षं पाइप आणि सहा वर्षं विहीर, एवढ्या काळात त्यांच्या हातून झालेलं हे सगळ्यात चांगलं काम होतं. पण तोवर आठवडा उलटून गेला होता. म्हणतात ना, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. इथे आड तुडुंब भरलेला आणि पोहरा आत्ता कुठे तयार झाला, तर आडाकडे येणारी वाटच बंद.

बायकोनं नवं चित्र न विचारताच आपल्या चष्म्याच्या दुकानात नेलं. दुपारी तिचा फोन आला. आवाज चढलेला.

"अहो, अकराच्या अकरा! कुणीतरी खाली उतरतंय, म्हणाले. एक बाई तर म्हणाल्या, बिचाऱ्याला वर तरी घ्या. दिसतंय हो, सगळ्यांना दिसतंय!"

"अकरा?" बारीकभाऊंनी समोरच्या आकड्यांवर नजर टाकली. "नवं चित्र लावल्यापासून गेमच्या पानावर चार जण आले. त्यातले दोन मास्तर."

पलीकडे तिच्या मागे कुणीतरी तक्त्यावरची अक्षरं वाचत होतं, अडखळत.

"तुझ्या भावाला विचारून ठेव," ते म्हणाले, "सोमवारी किती वाजता यायचं ते."

"आणखी एक आठवडा थांबून बघू या का?"

"कशासाठी?"

"साडेनऊ," ती म्हणाली. "त्याचं ऑफिस साडेनऊला उघडतं."