नंबर वाचणारी टिटवी

मामांना ऑफिसात सगळे मामाच म्हणायचे, कंपनीचे संचालकसुद्धा. एके काळी ते स्क्रूड्रायव्हर घेऊन सर्व्हरमध्ये नेटवर्क कार्ड बसवत. पुढे सर्व्हर भाड्याचे झाले, कुठल्या मुलखात असतात देव जाणे, आणि कार्ड जोडायचं म्हणजे काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप करायची: हे कार्ड, त्या सर्व्हरला. दोघांचे नंबर मारुतीच्या शेपटासारखे लांबलचक. एक अक्षर चुकलं की कार्ड भलत्याच्याच गळ्यात.

म्हणून मामांची शिस्त होती. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने नंबर मोठ्याने वाचायचे, मगच एन्टर. वाचायला असायची टिटवी. नाव अर्थात ऑफिसने ठेवलेलं. ती वाचायला लागली की पलीकडचे हिशेबनीस कानात बोळे घालायचे. मामांना हल्ली स्क्रीनवरचं धड दिसत नसे. हे त्या पोरीला ठाऊक होतं, पण तिने कधी तोंडातून ब्र काढला नाही.

मामांच्या वरच्या साहेबांनी खर्चाला कात्री लावली तेव्हा आधी तिलाच काढलं. "वाचायला कशाला माणूस हवं, मामा? डोळे आहेत की तुम्हाला!"

"आहेत की," मामा म्हणाले.

मग व्हायचं तेच झालं. गोदामाच्या ऑर्डरी ज्या कार्डावरून यायच्या, ते मामांनी चाचणीच्या सर्व्हरला जोडलं. दुपारपर्यंतच्या सगळ्या ऑर्डरी पाण्यात गेल्या.

संचालकांनी दोघांनाही बोलावलं. साहेबांनी मामांना जिन्यातच गाठलं.

"वाचणारं माणूस मी काढलं हे कळलं तर मी जाईन, आणि डोळ्यांचं कळलं तर तुम्ही. मला काय कळत नाही? सर्व्हरचे नंबर टिटवीने चुकीचे लिहून ठेवले होते, असं सांगा. ती तर गेलीच आहे. तिचं काय वाकडं होणार?"

या वयात मामांना दुसरीकडे कोण दारात उभं करणार होतं? आत जाऊन ते पढवलेलं सगळं घडाघडा बोलले. आवाज कापलासुद्धा नाही. याचीच त्यांना नंतर जास्त लाज वाटली. नोकरी मात्र वाचली.

संध्याकाळी टिटवीचा फोन आला. आवाज तोच, फोन कानापासून हातभर लांब धरावा असा.

"मामा, नवी नोकरी जवळजवळ पक्की! फक्त उद्या ते तुमच्या संचालकांना विचारणारेत, माझं काम कसं होतं म्हणून. मी म्हटलं, खुशाल विचारा. मला कसली भीती? तिथं माझे मामा आहेत."

"हो गं बाई," मामा म्हणाले.