फाटकाजवळची दोन घरं

सुरेखा शेजवळ सिंगापूरला आली ती १९८० साली, लग्नानंतर दोनच महिन्यांनी. मनमाडला माहेरी सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की पोरगी आता उंच इमारतीत राहणार, खाली मोटारी मुंग्यांसारख्या दिसणार. प्रत्यक्षात नवऱ्याने तिला आणून सोडलं ते झाडीत. बुकित तिमाहच्या बाजूला, रेल्वेच्या एकेरी रुळांना लागून लाकडी क्वार्टर्सची एक लहानशी वस्ती होती. वस्तीच्या टोकाला रस्ता रूळ ओलांडून जायचा. तिथं फाटक होतं, आणि त्या फाटकावर निशिकांत शेजवळ नोकरीला होता.

ही रेल्वे मलेशियाची. सिंगापूरच्या जमिनीवरून गाडी धावायची, पण रूळ त्यांचे, स्टेशनं त्यांची, रुळांच्या दोन्ही अंगांची पट्टीही त्यांचीच. निशिकांतचे वडील युद्धाच्या आधी मनमाडच्या लोकोशेडमधून इकडे आले ते या रेल्वेत फिटर म्हणून. त्यांच्या काळात वस्तीत तीसेक घरं होती, असं निशिकांत सांगायचा. कोळशाची इंजिनं होती, तेव्हा इंजिन पुसणारे, कोळसा ओढणारे, रूळ ठोकणारे असे शंभर हात लागायचे. तमिळ, मलय, दोन पंजाबी आणि हे एक शेजवळांचं घर. डिझेल आलं आणि कोळशाच्या कामावरची माणसं गेली. पुढे सिंगापूर मलेशियातून वेगळं झालं, तेव्हा ज्यांनी सिंगापूरचे कागद घेतले त्यांना सरकारी फ्लॅट मिळाले, आणि तीही गेली. निशिकांतच्या वडिलांनी मलेशियाचे कागद घेतले, कारण नोकरी रेल्वेची होती. सुरेखा आली तेव्हा निम्मीच घरं उरली होती.

पहिले काही महिने ती दाराबाहेर फारशी पडली नाही. नवरा मुळात अबोल, त्यात त्याची ड्यूटी कधी पहाटेची तर कधी दुपारची. गाडी यायची झाली की स्टेशनातून फोन खणखणायचा, तो हँडल फिरवून फाटक पाडायचा, हिरवं निशाण धरून उभा राहायचा, आणि गाडी गेल्यावर फाटक उघडून पुन्हा स्टुलावर बसायचा. घरीही तो तसाच बसायचा, जणू फोन वाजायची वाट बघतोय.

पलीकडच्या घरात युसुफ राहायचा. तोही फाटकावरच, एकाची ड्यूटी संपली की दुसऱ्याची सुरू. त्याची बायको हलीमा सुरेखापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. एके सकाळी ती न विचारता स्वयंपाकघरात शिरली, चुलीवरच्या भातात डोकावली आणि मलयमध्ये काहीतरी बोलून हसली. सुरेखाला एक अक्षर कळलं नाही. हलीमाने भाताकडे बोट दाखवून त्याचं नाव सांगितलं. मग पाण्याचं, मग मिठाचं. शाळा अशी सुरू झाली.

हलीमाला ‘सुरेखा’ म्हणता येईना, तिने ‘रेखा’ करून टाकलं. सुरेखा तिला ‘काक’ म्हणायला लागली. मलयमध्ये काक म्हणजे ताई. मनमाडला फोनवर ती एकदा म्हणाली, “आज काकने माझे केस धुऊन दिले,” तर आईला वाटलं की पोरीचे केस कुणा काकांनी धुतले. त्यावरून तिकडे दोन दिवस घोर लागला होता. हे हलीमाला समजावून सांगितलं तेव्हा ती पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

मीनल झाली तेव्हा बाळंतपण हलीमानेच सांभाळलं. तीन वर्षांनी सुरेखाला मुलगा झाला, तो रडलाच नाही. हॉस्पिटलातून रिकाम्या हातांनी परतल्यावर सुरेखा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. निशिकांत दारापर्यंत यायचा आणि उलट फिरायचा. सुरेखा हलीमाच्या भांड्यांतलं खात नसे, म्हणून हलीमाने बाजारातून एक नवं पातेलं आणलं. ते सुरेखासमोर धरून म्हणाली, “यात आमच्या घरचं मांस कधी शिजलेलं नाही, कधी शिजणार नाही. आता तरी खा.” ते पातेलं पुढे हलीमाच्या फळीवर कायम वेगळं राहिलं. सुरेखा तिच्याकडे जेवायची ती त्यातलंच.

वस्तीतलं एकेक घर मात्र गळत गेलं. पंजाबी सिग्नलवाला निवृत्त होऊन लुधियान्याला गेला. तमिळ घरातल्या कर्पय्याच्या मुलांना तोआ पायोहला फ्लॅट मिळाला. ती मंडळी जाताना रुळाकडेची आपल्या मुनीश्वरन या राखणदेवाची मूर्तीही घेऊन गेली. रिकाम्या घरांची दारं रेल्वेवाले फळ्या ठोकून बंद करायचे. दोन-चार पावसाळ्यांत छप्पर बसायचं आणि वेली आत शिरायच्या. रोज दिसणारी घरं असल्याने आपली वस्ती संपत चाललीय असं कुणाच्या मनात आलं नाही. २००५च्या सुमारास सुरेखाने सहज संध्याकाळी बाहेर बघितलं, तर दिवे फक्त दोन घरांत लागलेले होते. तिच्या आणि हलीमाच्या.

मीनल शिकली, तिला बँकेत नोकरी लागली, तिने इथलं नागरिकत्व घेतलं. प्रबोध कुलकर्णी नावाच्या पुण्याच्या मुलाशी तिने लग्न केलं. तो वन-नॉर्थला कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत होता. दोघांनी बुकित बातोकला फ्लॅट घेतला. “आई, तिथं साप निघतात, डास आहेत, तुम्ही आमच्याकडे या,” मीनल दर भेटीत म्हणायची. सुरेखा हसून विषय बदलायची.

२०१० साली बातमी आली. दोन्ही सरकारांचं ठरलं होतं, पुढच्या वर्षी जून संपला की गाडी सीमेजवळच्या वुडलँड्सला थांबणार. तिथून पुढचे रूळ काढणार, जमीन सिंगापूरला देणार. निशिकांतची निवृत्ती गाडी थांबायच्या त्याच वर्षी होती. युसुफची अजून काही वर्षं उरली होती, त्याची बदली मलेशियात क्लुआंगच्या स्टेशनवर झाली.

“शेजारचं घर रिकामं आहे,” क्लुआंग बघून आल्यावर हलीमा सुरेखाला म्हणाली. “भाडं फार नाही. अंगण आहे. तुम्ही दोघं चला.”

सुरेखाने त्या संध्याकाळी निशिकांतला विचारलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं, म्हणून तो आधी गोंधळला.

“तिथं आपलं कोण आहे?” तो म्हणाला.

“काक आहे ना.”

“आणि मीनल? श्रिया चार वर्षांची झाली. नातीला सोडून तू दुसऱ्या देशात जाऊन राहणार?”

“दुसरा देश कसला? कागदांवर आपण तिथलेच आहोत की.”

“कागदांचं सोड. म्हातारपणी माणसाने लेकराजवळ असावं.”

तो बोलत होता ते चुकीचं नव्हतं, आणि त्यामुळेच तिला पुढे काही बोलता येईना.

पुढच्या वर्षी जूनमध्ये माणसं यायला लागली. इतकी वर्षं फाटकाशी हॉर्न वाजवून चिडचिड करणारं शहर आता कॅमेरे गळ्यात अडकवून गाडी बघायला लोटलं. तरुण पोरं रुळांवर बसून फोटो काढायची, बायका मुलांना निशिकांतशेजारी उभं करायच्या. कुणी सुरेखाची केळी तोडली, कुणी आठवण म्हणून दाराजवळचा नंबराचा पत्रा काढून नेला. एका दुपारी ती दोरीवरचे कपडे काढत होती, तेव्हा एक मुलगा अदबीने म्हणाला, “आंटी, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये घर एकटंच हवंय.” ती बाजूला झाली. कपडे हातात धरून तो फोटो काढेपर्यंत थांबली.

हलीमा क्लुआंगला निघाली त्या दिवशी फारसं बोलणं झालं नाही. टेम्पोत सामान चढवताना दोघी एकमेकींना फक्त सूचना देत राहिल्या, हे वर ठेव, ते बांधून घे, आरसा उभा धर. टेम्पो सुरू झाल्यावर हलीमाने पुढच्या खिडकीतून हात बाहेर काढला, तो सुरेखाने धरला आणि चार पावलं बरोबर चालली. मग ड्रायव्हरने वेग घेतला.

बुकित बातोकचा फ्लॅट नवव्या मजल्यावर होता. सकाळी मीनल बँकेत, प्रबोध ऑफिसला, श्रिया शाळेत. निशिकांत खाली जाऊन बाकावर बसायचा. त्याला बसायची सवय होती. सुरेखा वर एकटी. प्रबोध भला माणूस, सासूला “आई, काही हवंय का?” असं रोज विचारायचा, पण पुढचं बोलणं त्यालाही सुचायचं नाही. श्रिया आजीच्या मराठीला इंग्रजीत उत्तर द्यायची, “नॉट हंग्री लाह, आजी.” आणि सुरेखाची मराठी तरी कुठे धड उरली होती? मंडळाच्या गणपतीला मीनल तिला घेऊन गेली, तेव्हा बोलता बोलता तिच्या तोंडून मधेच मलय शब्द निघाले आणि पुण्या-मुंबईच्या बायका कौतुकाने हसल्या. पुन्हा ती गेली नाही.

दर शुक्रवारी दुपारी हलीमाचा फोन यायचा. त्या वेळी सुरेखा स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. अर्धं मलय, पाव तमिळ, उरलेलं मराठी असं ते बोलणं बाहेरून ऐकणाऱ्याला भांडण वाटावं इतक्या मोठ्याने चालायचं. मीनल एकदा सुट्टीवर घरी होती, तिने आईचा तो आवाज ऐकला आणि हातातलं काम टाकून दाराबाहेर उभी राहिली. आई इतकं बोलते हे ती विसरूनच गेली होती.

२०१३च्या सुरुवातीला हलीमाची साखर वाढली, मग पायाची जखम चिघळली. डॉक्टरांनी पाऊल कापलं. “आता तूच ये,” ती फोनवर म्हणाली. “माझ्याच्याने निघवत नाही. जूनमध्ये ये, दुरियान पिकतील.”

सुरेखाने जूनच्या पहिल्या आठवड्यातच पिशवी भरली. पण निशिकांतचा गुडघा सुजला, तेव्हा आठवडा पुढे ढकलला. मग समुद्रापलीकडच्या जंगलांना आगी लागल्या आणि सगळं आकाश धुराने भरलं. समोरची इमारत दिसेना. शेजारीपाजारी तोंडाला मास्क लावून फिरायला लागले. मीनल म्हणाली, “आई, अशात कुठे जायचं नाही. हवा जरा निवळू दे, मी स्वतः सोडते तुला.” सुरेखाने खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले आणि थांबली.

धूर पुरता निवळायच्या आतच युसुफचा फोन आला. फोन निशिकांतने घेतला. तो “हो, हो” म्हणत राहिला आणि ठेवल्यावर बायकोकडे न बघता म्हणाला, “हलीमा सकाळी गेली. दुपारच्या नमाजानंतर नेणार आहेत.”

दोघं तसेच निघाले. सीमेच्या पुलावर बस मुंगीच्या पावलांनी सरकत होती. पुढे जोहोरला दुसरी बस. क्लुआंगला पोचले तेव्हा पुरुष दफनभूमीवरून परतले होते आणि अंगणात चटया गुंडाळणं चाललं होतं. युसुफ उठून आला. निशिकांतने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. तीस वर्षं एकमेकांच्या हाती फाटक सोपवणारी ती दोन माणसं मग मिळून उरलेल्या चटया गुंडाळू लागली.

युसुफने सुरेखाला शेजारच्या घराकडे नेलं. दाराला कुलूप होतं, पण अंगण झाडलेलं होतं. एका कडेला कढीपत्त्याचं कमरेएवढं झाड होतं, मिरच्यांची चार रोपं होती.

“मालकाला विचारून तिनेच लावलं,” युसुफ म्हणाला. “मी म्हणायचो, कुणी येणार नाहीये. ती ऐकायची नाही. पाय गेल्यावरसुद्धा खुर्चीत बसून मुलीकडून झाडून घ्यायची.”

सुरेखा खाली बसली आणि मोठ्याने रडली. मुलगा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

“मी इथं थांबते,” संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली. या वेळी त्याने वाद घातला नाही. मीनलला फोन करून कळवलं आणि तो एकटा परत गेला.

पहिले दिवस बरे गेले. घर माणसांनी भरलेलं होतं, रोज संध्याकाळी प्रार्थना, मोठाली पातेली, कांदे चिरायला हात कमीच पडत. मग पाहुणे पांगले. हलीमाच्या मुली आपापल्या घरी जायची तयारी करू लागल्या. एकदा सुरेखा बाजारात गेली आणि परतताना रस्ता चुकली. दुकानदाराने तिला नीट वाट सांगितली, पण त्या गावात आपण कुणाच्याच कोणी नाही हे तिला त्या दुकानात उभं असताना लख्ख दिसलं. इतके दिवस तिला वाटत होतं की आपल्याला क्लुआंगला यायचं होतं. तिला फक्त हलीमाकडे यायचं होतं. दुसऱ्या दिवशी तिने निशिकांतला बोलावून घेतलं.

“राहायचं होतं ना तुला तिथं?” बुकित बातोकला आल्यावर मीनलने हळूच विचारलं.

“कुणाजवळ?” सुरेखा म्हणाली, आणि पिशवीतले कपडे कपाटात ठेवू लागली.

पुढल्या वर्षी युसुफ नोकरी सोडून मुलीकडे क्वालालंपूरला गेला. ईदेला निशिकांत त्याला फोन करायचा. दोघांचं बोलणं तब्येतीवर सुरू होऊन तिथेच संपायचं. जुन्या वस्तीच्या जागी आता गवत होतं, रूळ गेले होते, लोक सकाळी तिथं धावायला येत. निशिकांत एकदा जाऊन बघून आला.

२०१६ सालच्या एका दुपारी ती श्रियाला घेऊन खाली उतरली होती. हिरवळीच्या कडेला श्रिया उकिडवी बसून कसल्याशा रोपाला बोट लावत होती. पानं मिटली तशी ती ओरडली, “आजी, सी! व्हॉट्स धिस कॉल्ड?”

“लाजाळू,” सुरेखा म्हणाली.

रुळांच्या कडेने हे रोप कितीतरी असायचं. हलीमाने पहिल्या वर्षीच त्याचं मलय नाव शिकवलं होतं, लाजून तोंडावर पदर घेतल्याचा अभिनय करून. सुरेखा तो शब्द आठवू लागली. हलीमाचा चेहरा आठवला, तिची डोळे मिटायची लकब आठवली, शब्द काही येईना. चौथ्या मजल्यावर एक मलय बाई राहत होती, तिला विचारता आलं असतं. प्रबोधने तर फोनवर चुटकीसरशी शोधून दिला असता. सुरेखा बाकावर बसून राहिली, ओठ हलवून एकेक आवाज जुळवून बघत. श्रियाची सगळी पानं मिटवून झाली आणि ती कंटाळली, तेव्हा दोघी लिफ्टकडे गेल्या.