चौदा धाग्यांची दोरी

दार वाजलं तेव्हा बाइंडरबाईंचा सातवा बाण दोरीवर चढला होता. त्यांनी तो उतरवला, धनुष्य पुठ्ठ्यांच्या थप्पीवर ठेवलं आणि कडी काढली. दारात शेजारच्या खोलीतली नर्स उभी. केस विस्कटलेले, गालावर पांघरुणाची घडी उमटलेली, काखेत उशी. उशी कशाला आणली हे तिलाही सांगता आलं नसतं.

"बाई, मी रात्रभर अठरा पेशंट सांभाळते. सकाळी नऊला आडवी होते. अकराला तुमचं सुरू. थण्ण! डोळा लागतोय तोच परत थण्ण! आणि मधूनच तो पाइप असा वाजतो, की वाटतं कुणी माझ्या कवटीवरच हातोडा घातला."

"अहो, मागे तुम्ही बोललात म्हणून मी भिंतीला जाड पडदा लावला ना."

"कान मला आहेत, पडद्याला नाहीत. रविवारपर्यंत थांबते. रविवारी जाग आली, तर सोमवारी मालकांकडे अर्ज. गोदाम त्यांनी पुठ्ठे ठेवायला दिलंय, लढाईला नाही."

ती गेली. बाई तशाच उभ्या राहिल्या. नवल असं, की त्यांना राग आला नाही. भीती आली, पण ती मागाहून. आधी अंगात एक तरतरी चढली, कोडं पुढ्यात टाकल्यावर चढते तशी. आज बुधवार. हातात चार दिवस.

बाईंचं वय सत्तावन्न. त्यातली बत्तीस वर्षं पुस्तकं बांधण्यात गेली. वाचनालयांची फाटकी पुस्तकं, कचेऱ्यांची रजिस्टरं, कुणाचे प्रबंध. धनुष्यही त्यांच्याकडे पुस्तकातूनच आलं. सहा वर्षांपूर्वी तिरंदाजीचं एक जुनं पुस्तक दुरुस्तीला आलं होतं, पानं सुटून उलटसुलट झालेली. ती लावता लावता बाईंनी वाचली. म्हणजे आधी बाण सोडायला शिकल्या, मग ओढायला, आणि सगळ्यात शेवटी उभं कसं राहायचं ते. बांबूचं कामचलाऊ धनुष्य करून त्याच क्रमाने करूनही पाहिलं. पहिला बाण खिडकीतून बाहेर गेला. मग खुर्च्या करणाऱ्या सुताराच्या मागे लागून त्यांनी चांगलं लाकडी धनुष्य करून घेतलं आणि तेव्हापासून रोज अकरा ते साडेबारा त्या गोदामात असत. खळ लावलेली पुस्तकं दाबात घातली की तेवढाच वेळ हात मोकळे. संध्याकाळपर्यंत शिवून शिवून बोटं आखडलेली असत.

पुस्तक नीट बांधलं तर बांधणारा दिसत नाही. बत्तीस वर्षं बाई अशा न दिसता जगल्या होत्या. बाण मात्र लागला तिथे लागला. तो गठ्ठ्यात उभा थरथरायचा, आणि त्या थरथरीत काहीतरी बाईंचं एकटीचं असायचं. ते दीड तास गेले तर उरलेल्या साडेबावीस तासांचं काय करायचं, हे त्यांना कळेना. भीती आली ती इथे.

"मग चार पावलं पुढे जाऊन मार की," वन्सं म्हणाल्या. वन्सं म्हणजे बाईंची थोरली नणंद. भाऊ गेल्यावर भावजयीला एकटं कसं टाकायचं म्हणून राहायला आल्या, आणि आता कोण कुणाला सांभाळतंय याचा निकाल लागत नव्हता. टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या. कान असे तिखट, की वरच्या मजल्यावर कुणी साखर जास्त घातली तरी यांना ऐकू यावं.

"पुढे जायचं तर हातानेच खुपसते ना बाण, धनुष्य कशाला?"

"बरं, निशाण खाली घे."

"खाली कटिंग मशिन आहे, वन्सं. त्याचं चाक आडवं येतं. आणि वर पाइप."

खरी अडचण तीच होती. गोदाम लांबच लांब, अरुंद. एका टोकाला बाई उभ्या राहत, दुसऱ्या टोकाला कागदाच्या कातरणांचा आवळून बांधलेला गठ्ठा हे निशाण. मधोमध जुनं कटिंग मशिन, चार माणसांनी न हलणारं. त्याच्या चाकावरून आणि पाण्याच्या आडव्या पाइपाखालून, मधल्या दीड वीत जागेतून बाण जायला हवा. पण बाण सरळ जात नाही, थोडा चढून उतरतो. जितका सुस्त तितका जास्त चढतो. चढला की पाइपाला घासला, आणि तो पाइप भिंतीतून थेट नर्सच्या उशाशी जात होता. म्हणजे दोरी शांत हवी आणि बाण चपळही हवा. एक करून भागणार नव्हतं.

दोरी बाईंनी स्वतः वळलेली होती. पुस्तकं शिवायच्या दोऱ्याचे चोवीस धागे, मेण लावून पिळलेले. चोवीस का? कारण बाइंडरचा जीव दोऱ्यात. एक पान सुटलं तर गिऱ्हाईक जन्मभर बोलून दाखवतं, म्हणून बाई कुठेही दोन धागे जास्तच घालत. पण धनुष्याची ताकद आधी दोरीला ओढण्यात जाते, उरली सुरली बाणाला. हे पुस्तकात लिहिलं होतं. त्या पानाला बाईंनी स्वतःच्या हाताने ठिगळ लावलं होतं आणि सहा वर्षं तिकडे काणाडोळा केला होता.

नर्सनेच गुरुवारी किल्ली दिली. "मी साडेपाचला ड्यूटीला निघते. तुम्हीच माझ्या खाटेवर पडून बघा, म्हणजे कळेल."

सहा वाजता वन्सं नर्सच्या खाटेवर आडव्या झाल्या, डोळे मिटून, फोन कानाशी. गोदामात बाईंचा फोन पुठ्ठ्यांवर, आवाज मोठा करून ठेवलेला.

"हॅलो, लाइन चालू आहे. बोला."

"चोवीस धागे. सोडते."

थण्ण!

"अगं बाई! मेलेला उठून बसेल. पुढचा नंबर."

मग आदल्या रात्री वळून ठेवलेली अठरा धाग्यांची दोरी. बाण पाइपाला जेमतेम घासला, पिसांचा चर्र आवाज आला. बाईंनी दोरी उतरवली आणि दुसरी चढवली, चौदाची. बाण पाइपाखालून एक बोट जागा सोडून गेला. बाई लहान मुलीसारख्या ओरडल्या. "गेला! वन्सं, खालून गेला!"

"तुझंच ओरडणं सगळ्यात मोठं आलं. दोरीचं म्हणशील तर थण्ण गेलं, टण्ण आलं."

इथे थांबायला हवं होतं. पण चौदाने एवढं होतं तर दहाने काय होईल, हा मोह आवरेना. बत्तीस वर्षं जास्तीचे धागे घालणारी बाई आता कमी करत सुटली होती. शुक्रवारी संध्याकाळी दहाची दोरी चढली. पहिला बाण असा गेला, की गठ्ठ्यात पिसांपर्यंत रुतला. दुसऱ्या वेळी बाईंनी दोरी ओढली, सोडली, आणि बाण जागीच पायाशी पडला. दोरी इतकी बारीक झाली होती, की बाणाची खाच तिच्यावर सैल बसून निसटली होती. भरलं धनुष्य रिकामंच झटकलं. फाट्ट! हाताला खांद्यापर्यंत मुंग्या आल्या.

"हॅलो? वहिनी? हॅलो! अगं बोल ना, काय मोडलं? तू की ते?"

"मी आहे," बाई म्हणाल्या. धनुष्याकडे बघायचा धीर होत नव्हता.

सुताराने ते उजेडात धरलं, वरच्या टोकावरून अंगठा फिरवला. दोरी अडकते त्या खाचेत लाकडाची एक शीर उचकटली होती. दोरीच्या बारीक फासाने सुरीसारखा चावा घेतला होता.

"बाई, खुर्चीवर कुणी उडी मारली तर मी खुर्चीला दोष देत नाही."

"वाचेल का, तेवढं सांगा."

"वाचेल. सरस भरतो, घासतो, उद्या दुपारी न्या. पण ही दोरी परत बांधलीत, तर मला पुढचं लाकूड मागू नका. बारीक दोरी टोकं कापते."

"आणि जाड दोरी झोप कापते," बाई पुटपुटल्या.

शनिवारी सकाळी एक जाड कोश शिवताना त्यांचा हात मध्येच थांबला. पुठ्ठ्याला जिथे ताण येतो त्या सांध्यावर त्या कापडाची पट्टी लावत होत्या. नेहमीचंच. सगळं पुस्तक जाड करत नाहीत. सांधा तेवढा जाड. पानं पातळच. बाईंनी सुई कोशात तशीच खोचून ठेवली आणि मेणाचा गोळा उचलला.

दोरीच्या अंगाला चौदाच धागे. फक्त दोन्ही टोकांच्या फासांत आणखी आठ-आठ आखूड धागे मिसळून पिळले, म्हणजे लाकडावर मऊ, रुंद बसतील. मध्यावर, बाण बसतो तिथे, वेगळा दोरा घट्ट गुंडाळला, खाच हलकेच टक् करून धरेल इतका. आणि पीळ वाढवला. पीळ वाढला की दोरी आखूड होते, मुठीपासून लांब राहते, सुटल्यावर लाकडावर आपटत नाही.

संध्याकाळी वन्सं परत खाटेवर.

"टण्णचं टुंग झालंय," फोनमधून आवाज आला. "मला तर यात झोप लागेल. पण मी काय, कीर्तनातही झोपते. ही नर्स रात्रभर पेशंटच्या घंटीकडे कान लावून बसणारी. तिला पुरायचं नाही."

"आता आणखी काय करू, वन्सं? दोरीच्या तोंडात बोळा घालू?"

 पलीकडे खाट करकरली. वन्सं आल्या त्या विणकामाची पिशवी घेऊनच. लोकरीचे तुकडे कापून त्यांनी दोरीच्या दोन्ही टोकांजवळ दोन-दोन गोंडे बांधले, चांगले लिंबाएवढे. आवाज साफ बंद झाला, आणि बाण पाइपाला चर्र करून घासला.

"जड झाली. काढा, काढा! अर्धे करा!"

"अगं थांब, बोट कापशील माझं!"

गोंडे चाराचे दोन झाले, लिंबाचे बोराएवढे झाले. बाईंनी बाण सोडला. तो पाइपाखालून गेला. दोरी फक्त उसासल्यासारखी वाजली. वन्सं परत खाटेवर पळाल्या, आणखी सहा बाण ऐकले आणि ऑपरेटरच्या जुन्या थाटात म्हणाल्या, "पलीकडून काही उत्तर येत नाही."

रविवारी अकराला बाई उभ्या राहिल्या. वन्सं आज गोदामातच, पुठ्ठ्यांपाशी. पहिला बाण सुटला. दोघी भिंतीकडे बघत राहिल्या. दुसरा. तिसरा. दहाव्यानंतर बाईंचे खांदे सैल झाले, विसाव्यानंतर भिंतीचा विसर पडला. चोविसावा बाण गठ्ठ्यात बसला आणि दार धडधडलं.

वन्सं मटकन पुठ्ठ्यांवर बसल्या. बाईंनी कडी काढली. नर्स उभी होती, डोळे लाल.

"बाई, मारणार आहात की नाही तुम्ही आज?"

"म्हणजे?"

"पावणेबारा झाले! अकरापासून छताकडे बघत पडलेय. आता थण्ण होईल, मग थण्ण होईल, वाट बघण्यात झोप कुठली यायला? एकदाचे मारा आणि मोकळं करा मला!"

बाईंनी बाजूला सरून गठ्ठ्याकडे हात केला. नर्सने गठ्ठ्यात रुतलेले बाण बघितले. बोट हवेत हलवत मोजले. मग परत मोजले.

"हे आजचे?"

"आत्ताचे."

"मारा बघू एक, माझ्यासमोर."

बाईंनी ओढून सोडला. उसासा, आणि लांबवर कागदात थप्प.

 नर्सच्या चेहऱ्यावर हसू आणि जांभई एकदमच आली, त्यातली जांभई जिंकली.

"अर्ज नाही देत," ती म्हणाली. "पण उद्यापासून सुरू करताना मला सांगू नका. आणि संपल्यावरही नका."

ती गेली. तिची कडी लागल्याचा आवाज भिंतीतून आला. बाई बाण उपटायला निघाल्या. पाइपाखाली डोकं वाकवताना त्यांना हसू फुटलं, आणि ते दाबायला त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला.