उलट्या बाजूचा समुद्र

व्हॅलेन्सिया शहर मला आधी नाकाने भेटले. स्टेशनाबाहेर पाऊल टाकले तेव्हा मार्चमधली ढगाळ सकाळ होती. दोन दिवसांच्या प्रवासाने डोळे चुरचुरत होते, आणि काही नीट दिसण्याआधीच भाजलेली कॉफी, ओला दगड आणि संत्र्याची साल यांचा मिसळलेला वास आला. मग सावकाश रंग उमटले. मधाच्या रंगाच्या भिंती, निळ्या कौलांचे घुमट, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना फळांनी लगडलेली संत्र्याची झाडे. भर शहरात, बसथांब्यापाशी, बँकेच्या दारात फळे नुसती लोंबत होती. मान वर करून त्यांच्याकडे कोणी पाहतही नव्हते.

ह्यांनी पाहिले. माझे यजमान कलमे बांधणारे. दापोलीहून केळशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची आंब्याच्या कलमांची नर्सरी आहे, आणि नव्वदीचे दशक संपत आले तेव्हा त्यांच्या हातांनी बांधलेली झाडे जिल्हाभर फळे देत होती. त्यांनी फरशीवर पडलेले एक पान उचलले, चुरगळले, हुंगले.

“कडू असणार गो,” ते म्हणाले. “देठाला पंख बघ केवढे. शोभेचं झाड. म्हणून कोण तोडत नाय.”

आम्हांला घ्यायला आलेल्या बाईंना मी हे इंग्रजीतून सांगितले. बाई थबकल्या, ह्यांच्या हातातल्या पानाकडे पाहून हसल्या, आणि मान डोलावत म्हणाल्या की या शहरात राहायला आलेल्या माणसाला एक संत्रे चाखून तोंड वाकडे केल्याशिवाय हे कळत नाही.

या बाईंमुळेच आम्ही तिथे होतो. त्या फळझाडांच्या अभ्यासक. आदल्या वर्षी पावसाळ्यात दापोलीला आल्या असताना कोणीतरी त्यांना आमच्या नर्सरीत आणले. अर्ध्या तासासाठी आलेल्या बाई छत्रीखाली दोन तास उभ्या राहिल्या आणि ह्यांच्या हातांवरून नजर काढीनात. पुढे पत्र आले. त्यांच्या शहरातल्या झाडांच्या बागेत फळबागवाले जमणार होते. त्यांच्यासमोर आंब्याचे कोय कलम, म्हणजे नुकत्या रुजलेल्या कोयीच्या कोवळ्या देठावर चांगल्या झाडाची काडी बसवण्याचे काम, ह्यांनी करून दाखवावे. येण्याजाण्याची व्यवस्था त्यांच्याकडे.

ह्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पत्र मी वाचून दाखवल्यावर त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाले, भाषण करायचे असेल तर मी येत नाही. हात बघायचे असतील तर येतो. मी हायस्कुलात मराठी शिकवत होते, कवितेवर पोसलेली माझी इंग्रजी अवजड होती, तरी दुभाषी म्हणून मी जायचे ठरले. त्यानंतरचे चार महिने ते रोज संध्याकाळी पडवीत बसून निरुपयोगी काड्यांवर छेद देत राहिले. असे मी त्यांना आधी कधी पाहिले नव्हते. आंबा खाणाऱ्याला बागेच्या मालकाचे नाव ठाऊक असते; कलम बांधणाऱ्याचे कोणाला ठाऊक नसते. तीस वर्षांत प्रथमच कोणी ते हात बघायला जमणार होते, आणि त्यासाठी एकच तास होता. साडेचार ते साडेपाच. त्यानंतर बागवाले आपापल्या गावी परतणार होते.

बाईंनी आमची उतरण्याची सोय बंदराकडच्या भागात केली होती. खोली लहान, पण खिडकीचे दार उघडले की समोरच्या घराची भिंत दिसे, आणि ती भिंत पाहून माझे जेवण थंड झाले. तळापासून माथ्यापर्यंत रंगीत फरश्या, हिरव्या आणि जांभळ्या, जणू एखाद्या लुगड्याचा पदर घराला चिकटवला आहे. पुढच्या घराच्या फरश्या वेगळ्या, त्यापुढच्या आणखी वेगळ्या. कोळ्यांची जुनी वस्ती ही. मासे विकून परतलेल्या माणसांनी आपले घर असे नटवावे याचे मला फार कौतुक वाटले.

दुपारी बाईंनी न्यायला येते म्हटले तर ह्यांनीच नको म्हणून सांगितले. दोन दिवस बसून पाय आखडले होते, त्यांना जमीन हवी होती. मग बाईंनी कागदावर बागेचा पत्ता लिहिला आणि तोंडाने सांगितले: दारातून निघा, सरळ पश्चिमेला चाला, तासाभरात मोठे लोखंडी फाटक दिसेल. मी ते मराठीत सांगितले. तीन वाजता आम्ही निघालो. दारात ह्यांनी क्षणभर तोंड वर करून वारा घेतला, खारा, ओलसर, आपल्या दुपारच्या वाऱ्यासारखाच, आणि ते त्याच्या दिशेने चालू लागले.

मीही चालले. मनात शंकेचा लवलेशही आला नाही. आमच्याकडे पूर्व म्हणजे घाट आणि पश्चिम म्हणजे समुद्र. विहीर कुठे खणावी, गोठ्याचे दार कुठे करावे, मृताचे पाय कुठे करावेत, सगळे यावरून ठरते. आभाळ झाकलेले असले तरी कोकणातला माणूस चुकत नाही, कारण वारा सांगतो.

ती वाट सुंदर होती. एका उंबऱ्यात म्हातारी बादलीभर पाण्याने फरशी धूत होती, आणि धुतलेल्या दगडाला आमच्या अंगणातल्या सड्याचा वास येत होता. कुठल्याशा घरात लसूण तेलात पडला. वाळत घातलेल्या चादरींखालून आम्ही वाकून गेलो. मग घरे संपली आणि एकदम वाळू लागली. रुंद, फिकी, ओहोटीची खूण नसलेली वाळू, आणि पुढे समुद्र. आवाज असा की कोणी पुस्तकाची पाने हलकेच उलटते आहे.

“पश्चिम तर संपली,” मी म्हणाले.

बाग काठालाच असणार, हे म्हणाले; आपल्याकडे सुरूचे बन असते तशी. म्हणून आम्ही काठाने डावीकडे चाललो, मग उजवीकडे चाललो. पेन्शनीच्या वयाची दोन माणसे खुर्च्यांवर बसून पत्ते खेळत होती, त्यांना मी बागेचे नाव विचारले, तर त्यांनी पत्ते खाली न ठेवता आमच्या पाठीमागे हात केला. ह्यांनी ते मनावर घेतले नाही. पत्त्यांत गुंगलेल्या माणसाचे काय ऐकायचे.

तेवढ्यात ढग फाटला. पाठीवर ऊन पडले, आणि समोरच्या ओल्या वाळूवर माझी सावली लांब पसरली. तिचे डोके पाण्यात होते. लाट यायची, डोके मोडायचे, लाट गेली की पुन्हा जुळायचे. मी मुग्ध होऊन पाहत उभी राहिले. आणि मग माझ्या लक्षात आले की असे मी जन्मात पाहिलेले नाही. दुपार कलली की आमच्याकडे सावली घराकडे धावते, समुद्राकडे कधीच नाही.

“अहो,” मी म्हणाले, “सूर्य आपल्या मागे आहे.”

ते वळले. शहराच्या घुमटांवर, जमिनीच्या बाजूला, सूर्य होता. त्यांनी समुद्राकडे पाहिले, सूर्याकडे पाहिले, पुन्हा समुद्राकडे पाहिले. मी त्यांना वाट चुकलेले कधी पाहिले नव्हते. अमावास्येला ते बागेतून कंदिलाशिवाय येतात.

“उलट्या बाजूला ठेवलाय ह्या लोकांनी समुद्र,” ते शेवटी म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण चेहरा उतरला होता. घड्याळात साडेचार वाजून गेले होते.

पुढचा पाऊण तास मला तुकड्यांतच आठवतो. वाळूतून धापा टाकत चालणे. रस्त्यावर हात करूनही न थांबणाऱ्या दोन टॅक्स्या. तिसरीच्या चालकाने बाईंचा कागद वाचून आश्चर्याने आमच्याकडे पाहणे. ह्यांनी मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरली होती, तिच्यात जुन्या सुती धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला कलमाचा चाकू होता.  वाटेत एकदाच ते म्हणाले, “गेले असतील.”

बहुतेक गेलेच होते. काचघरात तीस खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि सहा माणसे उरली होती. बाई धावत पुढे आल्या. आमचे काही बरेवाईट झाले या काळजीने त्यांचे डोळे ओलावले होते. मी घडले ते सांगितले, बाईंनी ते त्यांच्या भाषेत सगळ्यांना सांगितले, तसे मागच्या रांगेतला एक म्हातारा शेतकरी खो खो हसला. त्याच्या हसण्यात टर नव्हती. त्याने उठून ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काही बोलला. बाईंनी सांगितले: तो म्हणतो आहे, ज्याला वाऱ्यावरून दिशा कळते त्याचेच काम मला बघायचे आहे, आणि माझ्या बायकोला उशिराची सवय आहे.

लांब टेबलावर रुजलेल्या कोयींच्या पिशव्या होत्या; तांबूस, ओले, आठवड्यापूर्वी जन्मलेले अंकुर. शेजारी काचघरातल्याच आंब्याच्या काड्या. सगळे तयार होते, फक्त बांधायला नेमलेला बागेचा माणूस वाट पाहून घरी गेला होता.

कोय कलम हे दोघांचे काम. एकाने कापायचे, दुसऱ्याने लगेच पट्टी बांधायची. मध्ये वेळ गेला तर छेद सुकतो. घरी ह्यांच्या हाताशी माझी जाऊ असते. लग्नाच्या पहिल्या पावसाळ्यात मी एकदा बसले होते. माझी दहाच्या दहा कलमे सैल बांधलेली निघाली, वाळून गेली. हे त्यावर कधी काही बोलले नाहीत आणि त्यांनी मला पुन्हा कधी बोलावलेही नाही. मी माझ्या पुस्तकांकडे गेले.

बाई म्हणाल्या, मी प्रयत्न करते. ह्यांनी त्यांच्या बोटांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“तू बस,” ते म्हणाले. “खालून वर. श्वास सोडून ओढ.”

त्यांनी चाकू उघडला. मी त्यांचे काम हजारदा पाहिले होते, पण एवढ्या जवळून वीस वर्षांत पाहिले नव्हते. अंकुराचा शेंडा गेला, देठात सरळ चीर पडली. काडीला दोन तिरके छेद, इतके स्वच्छ की त्यांवर उजेड पाण्यासारखा थांबला. काडी चिरेत सरकली आणि सालीला साल अशी लागली की जोड शोधावा लागावा. मी श्वास सोडला आणि पट्टी ओढली. सहाही माणसे खुर्च्या सोडून टेबलाभोवती आली होती. तिसऱ्या कलमाला कोणीतरी दिवे लावले. पाचव्याला म्हाताऱ्याने स्वतःचा चाकू काढून ह्यांच्या चाकूशेजारी ठेवला. दोन्ही पाती घासून घासून सारखीच अरुंद झालेली होती, आणि ते दोघे एकमेकांची पाती अंगठ्यावर तपासत बसले. इंग्रजीत पाठ करून आणलेली माझी वाक्ये कोणी मागितलीच नाहीत.

मग बाईंनी एकच प्रश्न विचारला: यातली किती जगतील?

“एकवीस दिवसांनी विचारा म्हणावं,” हे म्हणाले. “मी कापलंय नि हिनं बांधलंय. आज एवढंच सांगता येतं.”

पहिले वाक्य मी लगेच इंग्रजीत सांगितले. दुसऱ्याला मला वेळ लागला. बाई वाट पाहत होत्या, म्हातारा वाट पाहत होता, आणि ह्यांनी तोवर पुढचे रोप माझ्यासमोर धरलेही होते.