तोंडावर बोट

एम.एड.चा निबंध उद्या द्यायचा आहे, म्हणून आज मी माझ्या दुसरीच्या वर्गाला ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ सांगितलं आणि खुर्चीत बसून लिहीत राहिले. विषय होता, लहान मुलं बोलत बोलत कशी शिकतात.

शेजारच्या वर्गाच्या बाई खडू मागायला आल्या. पहिल्या बाकावरची जुई ओठांवरचं बोट न काढताच त्यांना म्हणाली, “आमच्या बाई अभ्यास करतायत.” त्या हसल्या. “किती शांत असतो गं तुझा वर्ग,” म्हणून निघून गेल्या.

एरवी हे ऐकून मी सुखावते. आज मान वर केली, तर समोर नुसती बोटंच दिसली. एकाने तर बोट इतकं दाबून धरलं होतं की ओठ पांढरा पडला होता.

रविवारी एम.एड.च्या तासाला मी बाकावरच्या शेजारणीशी सारखी कुजबुजत असते. सरांचं निम्मं शिकवणं मला त्या कुजबुजीतच कळतं. मला कुणी गप्प करत नाही. डी.एड., बी.एड. केव्हाच झालंय, आता याहून मोठी पदवी मिळेल, आणि माझ्याकडे येणारं मूल सगळ्यात आधी शिकतं ते गप्प बसणं.

पेन खाली ठेवून मी म्हटलं, “बोटं काढा. बोला आता.”

सगळी मुलं एकमेकांकडे बघत राहिली. मग जुईने हळूच विचारलं, “बाई, काय बोलायचं?”