ओलेत्याने शनिदेवापुढे

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. मी तेव्हा पंचेचाळिशीत होतो. केडगावात राहायचो आणि नगरच्या एका भुसार दुकानात दिवाणजी होतो. दिवाळीनंतर एकदा अंघोळ करताना उजव्या अंडाशी सुपारीएवढा फुगवटा हाताला लागला. दुखत नव्हता, म्हणून दुर्लक्ष केलं. संक्रांतीला तो लिंबाएवढा झाला, होळीला मोसंब्याएवढा. आमचे थोरले चुलते मानेतल्या गाठीने गेले होते आणि तीही दुखत नव्हती. माझा स्वभाव हिशेबी. त्यांची गाठ किती वेगाने वाढली आणि माझी किती, हे मनात ताडून पाहायचो, आणि दरवेळी धाकट्या मुलीच्या लग्नाआधीच माझे दिवस संपत.

जागा अशी की डॉक्टरला दाखवायची लाज वाटे. ढगळ धोतर नेसू लागलो, सायकल सोडली, पत्नीला गुडघा धरलाय असं सांगितलं. साडेसाती चालू होतीच. तेव्हा शिंगणापूरला जाऊन शनिदेवाला तेल घालायचं ठरवलं. त्यात श्रद्धा थोडी होती, भीतीच जास्त.

शिंगणापूरला चौथऱ्यावर पुरुषांनी अंघोळ करून, एका पंच्यावर, ओलेत्याने जायचं असतं. हे मला माहीत होतं, पण आपल्या बाबतीत त्याचा अर्थ काय, ते विहिरीवर पाणी अंगावर घेतल्यावर कळलं. पंचा अंगाला चिकटला. एका हातात तेलाची वाटी आणि दुसरा हात पुढे धरून मी रांगेत उभा राहिलो. मागे काष्टीचे एक म्हातारे शेतकरी होते.

"पाव्हनं, देवाला तेल दोन्ही हातांनी घालत्यात. एक हात खाली कशापायी?"

मी हात काढला नाही. त्यांनी आवाज उतरवला. "मलाबी हुतं. लई मोठं. लोक म्हनायचे, म्हातारा कलिंगड चोरून चाललाय."

मला हसू आलं नाही. "वाढतंय," एवढंच म्हणालो.

"डागदरला दाखवलं?"

"नाही."

"घरी सांगितलं?"

"नाही."

"आन् हितं देवाम्होरं आलाय तर झाकून. मंग त्येनं बघायचं तरी काय?"

मी हात बाजूला घेतला. चौथऱ्यावर चढलो, दोन्ही हातांनी तेल घातलं. इतके महिने 'हे घालव' असं मागत होतो. त्या दिवशी म्हणालो, 'जे असेल ते दाखव. पुढं तुझी मर्जी.'

परतीच्या एस.टी.त म्हातारबाबा शेजारीच बसले. नगरला उतरल्यावर त्यांनी मला घरी जाऊ दिलं नाही. त्यांचं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांच्या दारात नेऊन उभं केलं आणि काष्टीची गाडी धरायला निघून गेले.

डॉक्टरांनी खिडक्या लावून खोलीत अंधार केला आणि मागच्या बाजूने बॅटरी धरली. फुगवटा कंदिलाच्या काचेसारखा आतून लाल उजळला.

"बघा, उजेड आरपार येतोय. आत पाणी आहे," डॉक्टर म्हणाले. "भरीव गाठ असती तर इथं अंधारच दिसला असता. अंडवृद्धी आहे ही. ऑपरेशन करू, तेव्हा आतलं अंडही तपासून घेऊ."

घरी जाऊन पत्नीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि मी संक्रांतीपासून तुमचा गुडघा चोळतेय."

पुढच्या महिन्यात ऑपरेशन झालं. आत काही वाईट निघालं नाही.

याला मी चमत्कार म्हणत नाही. एवढ्या रांगेत माझ्या मागे तेच गृहस्थ का उभे राहिले, हे मला सांगता येत नाही आणि आता ते शोधावंसंही वाटत नाही. त्यांचे आणि देवाचे उपकार मी वेगवेगळे मोजू शकत नाही. अजूनही तेल घालायला जातो. मागत काही नाही. मनात जे असेल ते सांगतो आणि गप्प उभा राहतो.